गरिबाचे ताट : भोगवर्धन ते भोकरदन

भोकरदन हे आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. केळणा नदीच्या काठी वसलेले, कापूस, मका आणि मिरचीच्या उलाढालीवर जगणारे. इतिहासाच्या दप्तरात मात्र या गावाची नोंद फार जुनी आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना ज्या भाविकांनी दाने दिली, त्यांत भोगवर्धन येथील रहिवाशांची नावे कोरलेली आढळतात. ते भोगवर्धन म्हणजेच हे भोकरदन. १९७३ साली नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि मराठवाडा विद्यापीठाचे डॉ. आर. एस. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले व त्याचा अहवाल पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात सातवाहनकालीन मणी, नाणी, खापरे यांचे वर्णन तर आहेच, शिवाय त्या काळच्या लोकांच्या धान्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी चुलीत वा कणगीत जळालेले दाणे जमिनीच्या पोटात टिकून राहिले आणि अभ्यासकांनी ते ओळखले.

आम्हांस या अहवालातील जे सर्वांत बोलके वाटते, ते त्याचे साल. १९७३! वाचकांपैकी जे साठी उलटलेले असतील त्यांना हे साल निराळ्याच कारणासाठी आठवेल. सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला होता. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडीत होती, पाझर तलाव खणीत होती. एकाच उन्हाळ्यात, एकाच मराठवाड्याच्या मातीत दोन प्रकारची खोदाई चालली होती. एकीत पूर्वजांचे दाणे सापडत होते. दुसरीत जी माणसे घमेली वाहत होती त्यांच्या घरी दाणा नव्हता. त्यांना मिळत होती सुकडी, आणि रेशनच्या दुकानात मिळत होता अमेरिकेहून आलेला लाल मिलो.

गरिबाच्या ताटात काय पडावे हे कोण ठरवतो, या प्रश्नाचा इतिहास येथून मांडावा असे आमच्या मनात फार दिवस होते. परवा एका सुशिक्षित तरुणाने आम्हांस प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाविषयी विचारले. 'फादर, असले मांस शुक्रवारी चालेल काय?' असा त्याचा प्रश्न होता. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचली, पण त्यांत याचे उत्तर नव्हते. प्रश्न गमतीचा म्हणून आम्ही हसून वेळ मारून नेली. पण त्यामागचा मोठा प्रश्न काही पाठ सोडीना.

प्रथम भोगवर्धनकडेच वळू. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या अवशेषांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्तीचा भाग भोकरदनच्या उत्खननात निघाला, आणि पाँपेईची ती मूर्ती याच परिसरातून गेली असावी असे काही विद्वानांनी मांडले. म्हणजे केळणेच्या काठच्या कारागिराचे हात रोमन श्रीमंताच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचले होते. त्या श्रीमंताच्या घरची पंगत कशी असे? रोमन लोकांत पांढऱ्या पिठाची भाकरी मालकाची आणि कोंड्यासकट काळपट भाकरी गुलामाची, हा भेद सर्वमान्य होता. धाकटा प्लिनी आपल्या एका पत्रात अशा यजमानाविषयी तक्रार करतो की, ज्याने एकाच मेजवानीत स्वतःला व मातबर पाहुण्यांना उंची पदार्थ, आणि कनिष्ठ पाहुण्यांना हलक्या प्रतीचे अन्न वाढले. द्राक्षारसही तीन प्रतींचा ठेवला होता.

हीच रीत करिंथच्या ख्रिस्तमंडळीत शिरली होती. पाँपेई गाडले जाण्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी संत पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले. त्याच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाच्या वेळी एक जण भुकेला राहतो आणि दुसरा मस्त होतो, याविषयी तो मंडळीला खडसावतो. गेर्ड थाईसेन या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले की, हा वाद केवळ शिस्तीचा नव्हता. घरमालक व त्याचे तोलामोलाचे मित्र लवकर जमून चांगले पदार्थ खात. कष्टकरी व गुलाम दिवसभराचे काम उरकून येत तेव्हा त्यांच्या वाट्याला उरलेसुरले येई. ख्रिस्तशरीराच्या संस्काराविषयीचा नव्या करारातील सर्वांत जुना लेख आपणांस मिळाला तो ताटातल्या या भेदभावामुळे! मिस्सेत आपण ते शब्द ऐकतो, पण ते कोणत्या भांडणातून आले याचा आपल्याला बहुधा विसर पडतो.

आता आपल्या मुलखाकडे. गावगाड्यात अन्नाची प्रत जातीला बांधलेली होती. महाराने मेलेले ढोर ओढायचे आणि त्याचे मांस खायचे. पाळीची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ही भाकरी हक्काची समजली जाई, पण तो हक्क शिळ्याचा होता. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवीत. त्यांना मराठवाड्यात चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात या अन्नाची साद्यंत नोंद केली. तोपर्यंत मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांत या माणसांची चूल जणू पेटतच नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृतमांस सोडा, शिळ्या भाकरीचे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. चवदार तळ्याचे पाणी सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच परिषदेतला हा अन्नाचा ठराव मात्र तितका सांगितला जात नाही. उपाशी राहावे लागले तरी चालेल पण टाकलेले खाणार नाही, असे गरिबाने स्वतः ठरवण्याचे आपल्या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय.

सरकारने गरिबाचे अन्न शास्त्राच्या नावाने मोजण्याचा प्रकार त्याआधी पन्नास वर्षे घडला होता. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने असे ठरवले की, दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी मजुरी पुरे. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यावर जड काम करणारा माणूस जगत नाही, असे आकडे मांडून दाखवले. इकडे दख्खनमध्ये मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी लावून धरली. महात्मा फुले व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनी १८७७ मध्ये धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून मुलांना जेवू घातले. भोकरदन तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने टेंपलसाहेबांचे माप येथे लागू नव्हते. पण 'गरिबाला कमीत कमी किती पुरेल' हा विचार एकदा कारकुनाच्या वहीत शिरला म्हणजे तो राज्ये बदलली तरी वहीतच राहतो.

पुढे प्रयोगशाळा आली. वाचकांना वाटेल की, प्रयोगशाळेतले अन्न ही आजची नवलाई. तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये डार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून सरस काढून त्याचे सूप गरिबांच्या इस्पितळांत देण्याची योजना चालवली. मांसाऐवजी हे स्वस्त व तेवढेच पौष्टिक, असा त्याचा दावा होता. रुग्णांनी नाके मुरडली, तक्रारी झाल्या, अखेर माजाँदी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ साली अहवाल दिला की, नुसत्या सरसावर प्राणी जगत नाही. गरिबांना आधी पाजले आणि कुत्र्यांवर नंतर तपासले, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे १८६९ मध्ये, आरमारासाठी व गोरगरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय शोधा, या तिसऱ्या नेपोलियनच्या आवाहनातून मेज-मूरिएस याने मार्गारीन सिद्ध केले. आपल्याकडे त्याचे भावंड १९३७ साली 'डालडा' या नावाने आले. तुपाची ऐपत नसलेल्यांच्या लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या, आणि 'साजूक' या शब्दाला पूर्वी नव्हते एवढे मोल चढले.

हे सांगताना आम्ही शास्त्राचे वैरी आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. आमच्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात प्रसृत झाले. या वाणांनी कणग्या भरल्या, यात शंका नाही. पण खेड्यांत कोणत्याही वृद्धास विचारा, तो सांगेल की, हायब्रीडची भाकरी थापताना तुटे आणि गार झाली की चामट होई. बऱ्याच घरी रब्बीची शाळू, मालदांडी घरच्यांसाठी ठेवीत आणि सालगड्याला, रोजंदारीवरच्या बाईला हायब्रीड मापून देत. मराठवाड्याच्या बोलीत 'हायब्रीड' हा शब्द दिसायला टपोरा पण आत सत्त्व नसलेल्या माणसालाही लावतात. शब्दकोशात हा अर्थ मिळणार नाही. तो मजुरीच्या मापातून आला आहे.

मिलोची कथाही अशीच आहे. १९५४ च्या पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली तिकडचे शिलकी धान्य भारतात येऊ लागले. गव्हाच्या पाठोपाठ मिलो आला. ही ज्वारीचीच तांबडी जात. तिकडे ती मुख्यत्वे जनावरांचे खाद्य. (गाजरगवत याच गव्हातून आले अशी लोकांची समजूत आहे, ते पुण्याजवळ १९५५-५६ च्या सुमारास नोंदले गेले, एवढे खरे.) मराठवाड्याचा माणूस ज्वारीचा, पांढऱ्या शुभ्र भाकरीला तो पूर्णान्न मानतो. त्याच्या परातीत हे तांबडे, कडसर पीठ पडले. खाल्ले, कारण दुसरे काही नव्हते.

येथे आम्हांस आमच्याच घराकडे बोट दाखवले पाहिजे. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही अमेरिकन कॅथलिकांची संस्था १९४६ पासून भारतात कार्य करीत होती, आणि शिलकी धान्याचा एक प्रवाह तिच्या हातून मिशन केंद्रांपर्यंत येई. दुधाची भुकटी, बल्गर, तेलाचे डबे. डब्यांवर हातात हात मिळवल्याचे चित्र असे आणि हा माल विकू नये अशी सूचना असे. रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवल्या जात. कामाच्या बदल्यात धान्य देऊन विहिरी खणल्या, ताली घातल्या. तेव्हा आजचा औरंगाबाद धर्मप्रांत अस्तित्वात नव्हता, तो १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. पण त्या दुष्काळात धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी उन्हातान्हात जे श्रम केले त्याला तोड नाही. कित्येक मुले त्या भुकटीच्या दुधावर वाचली. 'धान्यासाठी बाटले' ही टीका तेव्हाही झाली. तिला उत्तर देण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस बोचते ते वेगळे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही भोकरदनच्या बाजूला एका आजारी वृद्धेला ख्रिस्तप्रसाद देण्यास गेलो होतो. विधी आटोपल्यावर तिने दुष्काळाच्या आठवणी काढल्या. खडी फोडणे, टँकरची वाट पाहणे, पोराला पाठीला बांधून घमेले उचलणे. बोलता बोलता ती म्हणाली, "फादर, एक इचारू का? तो लाल मिलो तवा तुमच्या बंगल्यात बी शिजत व्हता का वो?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरोखरच कुतूहल होते. आम्ही तेव्हा मांडीवरचे मूल होतो, आम्हांस काय ठाऊक, असे सांगून आम्ही निघालो. त्या प्रश्नाकडे आपण पुन्हा येऊ.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. जिवंत जनावराच्या स्नायूतून चिमूटभर पेशी घ्यायच्या, पोलादी टाकीत साखर, क्षार व प्रथिनांच्या द्रवात त्या वाढवायच्या, आणि त्यांचे मांस करायचे, अशी ही विद्या. आरंभी या द्रवात गाईच्या गर्भातील वासराचे रक्तद्रव्य लागे. म्हणजे हिंसा पुरती सुटली नव्हती. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी अशा मांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर तळून दाखवला. त्याला सुमारे अडीच लाख युरो खर्च आला आणि तो एका अब्जाधीशाने केला. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने अशी कोंबडी विकण्यास प्रथम परवानगी दिली; जून २०२३ मध्ये अमेरिकेने दिली आणि तिकडे ती पहिल्यांदा वाढली गेली ती उंची उपाहारगृहांत. इटलीने २०२३ च्या अखेरीस तिच्यावर बंदी घातली. आपल्या महाराष्ट्रातही २०१९ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने कर्जत येथे या विषयाचे संशोधन केंद्र उभारण्याची घोषणा केली होती.

या मांसाचे कैवारी दोन गोष्टी सांगतात : जनावर मरणार नाही, आणि उद्या ते स्वस्त होऊन गरिबाला प्रथिने मिळतील. पहिल्याविषयी वाद घालण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. दुसऱ्याविषयी इतिहास आम्हांस सावध करतो. मराठवाड्यातल्या गरिबाचे सर्वांत स्वस्त मांस मोठ्या जनावराचे होते. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही. परंतु त्यानंतर दलित, मुसलमान व ख्रिस्ती कष्टकऱ्यांच्या रविवारच्या ताटात काय उरले, याची चौकशी ज्यांनी केली असे फारसे कोणी आमच्या पाहण्यात नाहीत. मटण त्यांना परवडत नाही. पोल्ट्रीची कोंबडी तेवढी उरली. टाकीतले मांस स्वस्त झालेच, तर ते याच ताटात प्रथम पडेल, आणि रानात चरलेल्या बोकडाचे मटण 'अस्सल' म्हणून मोठ्यांच्या मेजावर जाईल, अशी आम्हांस भीती वाटते. डालड्याचे व साजूक तुपाचे असेच झाले होते.

ज्वारीचे तर आपण डोळ्यांनी पाहिले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या ज्वारी-बाजरीला गरिबाचे खाणे म्हणून हिणवले, तिच्या लाह्या आणि बिस्किटे शहरांतल्या दुकानांत देखण्या वेष्टनांतून विकली जाऊ लागली. इकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने लिहिलेले असूनही रेशनच्या पिशवीत बहुधा गहू व तांदूळच आले. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली होती. आज शहरातल्या हॉटेलात त्याच झुणका-भाकरीचे बिल पाहून भोकरदनचा शेतकरी चकित होईल.

आणि तांदळाचेही ऐका. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी घोषणा केली की, सरकारी योजनांतून दिला जाणारा तांदूळ २०२४ पर्यंत पोषणयुक्त करण्यात येईल. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते साध्या तांदळात घालतात. हेतू चांगला, रक्ताक्षय ही आमच्या गावांतल्या मायबहिणींची खरीच व्यथा आहे. पण कितीतरी घरांत सुपात हे दाणे वेगळे दिसले, पाण्यावर तरंगले, आणि 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायकांनी ते वेचून टाकले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्हांस असे दिसते की, त्यांना कोणी आधी येऊन विचारले नव्हते, सांगितले नव्हते. ज्यांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या न विचारता काहीतरी पडत आले, ती माणसे अन्न निवडूनच घेणार. याउलट महिकोच्या बीटी वांग्याचे पाहा. २००९ च्या ऑक्टोबरात समितीने त्याला मान्यता दिली. पण ते वांगे सर्वांच्याच भाजीत येणार होते, म्हणून देशभर जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी ते थांबवले. निर्णय बरोबर की चूक हे तज्ज्ञ सांगोत. रेशनच्या तांदळासाठी अशा जाहीर सुनावण्या झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असो. त्या वृद्धेचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नव्हता. पुढे दुसऱ्या एका कामासाठी एका जुन्या मिशन केंद्राचे दप्तर चाळण्याचा योग आला. ते केंद्र कोणते, हे येथे सांगत नाही. तेथे राबलेल्यांपैकी कोणी आज आपली बाजू मांडायला हयात नाही. १९७३ च्या वहीत एका बाजूला मदतीचा हिशेब होता : मिलो इतकी पोती, भुकटी इतके डबे, लाभार्थी इतके. अक्षर सुबक, बेरीज चोख. एका दाण्याची अफरातफर नाही. दुसऱ्या बाजूला घरखर्च होता. त्यात बाजारातून आणलेला गहू, तांदूळ, साखर, आठवड्यातून दोनदा मटण. दोन्ही हिशेबांवर एकाच हाताची सही होती. मदतीचा माल स्वतःसाठी वापरायचा नाही, या नियमाने तो प्रामाणिक माणूस बांधलेला असेल, हे आम्ही जाणतो. त्या उन्हाळ्यात त्याने किती माणसे जगवली, हेही त्याच वहीत आहे. तरी ती दोन पाने समोरासमोर पाहताना आम्हांस करिंथची आठवण झाली.

नंतर त्या गावी गेलो तेव्हा आम्ही वृद्धेला खरे ते सांगितले की, नाही, बंगल्यात मिलो शिजत नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. पर तुमी येऊन सांगितलं, हे बरं केलं." आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "फादरला भाकर वाढ. शाळूची हाय म्हणावं." आम्ही तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिच्या ताटात तीच भाकरी होती.